अठरा नंबरचा फॉर्म

खिडकीपलीकडच्या कारकुनांनी माझी फाइल उघडली, वरचे दोन-तीन फॉर्म चाळले आणि फाइल तशीच परत सरकवली.

"गठ्ठा घेत नाही, मॅडम. ज्याचा त्यानं यायचं."

फाइलमध्ये पदवीधर मतदार यादीत नाव घालायचे सतरा फॉर्म होते. प्रत्येकाला फोटो चिकटवलेला, मागं आधारची आणि असेल त्याच्या पदवीची झेरॉक्स लावलेली. दहा दिवस जेवणाच्या सुट्टीत एकेकाच्या टेबलाशी बसून मी ते भरून घेतले होते. सुट्टीचा सोमवार त्यासाठीच ठेवला होता. पाठीमागं रांग होती, म्हणून बाजूला झाले आणि बाकावर बसून राहिले.

मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटी विभागात काम करते. वय एकोणतीस. शिवाजी विद्यापीठाची मेकॅनिकलची पदवी २०१८ ची. लोकसभेला मत दिलंय, विधानसभेला दिलंय. त्यापलीकडे सरकार म्हणजे दाखला काढायची जागा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यात बदल झाला तो दसऱ्याला.

२ ऑक्टोबर २०२५. संध्याकाळी आत्याकडे सोनं द्यायला गेले. आत्या निवृत्त शिक्षिका. पेपर अथपासून इतिपर्यंत वाचते, त्यातल्या जाहीर सूचनासुद्धा. आपट्याची पानं हातात ठेवली आणि वाकले, तर आशीर्वादाआधी प्रश्न आला.

"पदवीधरमध्ये नाव घातलंस काय गं?"

"माझं नाव आहे की यादीत."

"ती यादी वेगळी. ही वेगळी. आणि ही दर खेपेला कोरी होते."

मग तिनं पेपरातली सूचना काढून दाखवली. आपल्या विधान परिषदेत ७८ जागा आहेत. त्यातल्या सात पदवीधरांनी निवडून द्यायच्या, सात शिक्षकांनी. राज्यघटनेच्या १७१ व्या कलमातच ही वाटणी आहे. कोल्हापूर येतं पुणे पदवीधर मतदारसंघात, सोबत सांगली, सातारा, सोलापूर आणि पुणे. सध्याच्या सदस्यांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. निवडणूक आली की जुनी यादी पुढे चालवत नाहीत, सगळी नव्यानं करतात. आत्यानं मागच्या वेळी मत दिलं होतं, तरी या वेळी तिलाही पुन्हा फॉर्म भरायचा होता. १ नोव्हेंबर २०२५ हा अर्हता दिनांक, त्याच्या किमान तीन वर्षं आधी पदवीचा निकाल लागलेला हवा, आणि राहणं मतदारसंघातलं हवं. नमुना क्रमांक अठरा. शेवटची तारीख ६ नोव्हेंबर.

२०२० च्या निवडणुकीच्या वेळी माझ्या पदवीला पुरेशी वर्षं झाली नव्हती, त्यामुळं ती कधी आली नि कधी गेली हे लक्षातही आलं नाही. पण आता नाव घातलं नाही, तर पुढची संधी थेट पस्तिशीत. रात्री घरी येऊन कपाटातली पदवी काढली. नोकरीला लागताना एकदा दाखवली होती, त्यानंतर ती त्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर आलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये विचारलं. आमच्याकडं डिझाइन, टूलरूम, क्वालिटी, पर्चेस, अकाउंट्स मिळून तिशीच्या आगेमागे असलेले बावीस पदवीधर आहोत. अशी वेगळी यादी असते हे चौघांना माहीत होतं. नाव एकानंही घातलं नव्हतं.

ही मुलं नागरी कामाला मागं हटणारी आहेत, असं कुणी म्हणू नये. २०१९ च्या महापुरात यातले तिघं तालमीच्या पोरांबरोबर सलग चार दिवस बोटीवर होते. पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की आमच्या ग्रुपवर कुणाच्या घरी कोण जाणार हे आपोआप ठरतं, ४३ च्या धोका पातळीची वाट कुणी बघत नाही. गणपती, फुटबॉल, रक्तदान, कुठंही हाक मारा. पण पूररेषा कुठं आखायची, नदीकाठी कुठं बांधकाम होऊ द्यायचं, शहराची हद्द वाढवायची की नाही, हे सगळं राज्य सरकारच्या दारात ठरतं. १९७२ मध्ये महापालिका झाली, तेव्हापासून एकदाही हद्दवाढ नाही. नोव्हेंबर २०२० पासून पाच वर्षांहून अधिक काळ महापालिकेत निवडून आलेला एक नगरसेवक नव्हता, प्रशासक कारभार बघत होते. आम्ही पुरात उतरतो, पण पूर ओसरल्यावर जिथं कागद फिरतात तिथं जात नाही. माझं पोट दुखतं ते इथं.

डिझाइनमधला एक जण म्हणाला, "वरच्या सभागृहाचा आमदार. काय करणार तो आपलं?"

त्याला मी पगाराची स्लिप उघडायला लावली. कपातीच्या रकान्यात पीएफच्या खाली व्यवसाय कर, दोनशे रुपये. फेब्रुवारीत तीनशे. वर्षाला अडीच हजार. हा कर महाराष्ट्रानं १९७५ च्या कायद्यानं लावला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. बहात्तरच्या दुष्काळात राज्यभर चाललेल्या त्या योजनेची कल्पना वि. स. पागे यांची. पागे आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, आणि १९६० ते १९७८ एवढा काळ विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम हा हक्क ज्यात लिहिला तो कायदा १९७७ चा, आणि देशभरची रोजगार हमी आली २००५ मध्ये. म्हणजे ज्या सभागृहाला तो "वरचं" म्हणून सोडून देत होता, तिथल्या माणसानं मांडलेल्या योजनेसाठी लावलेला कर त्याच्या पगारातून दर महिन्याला कापला जात होता. तो स्लिपकडे बघत राहिला. मग म्हणाला, "फॉर्म हाय काय?"

पर्चेसमधले आमचे सर, वयानं मोठे, शेजारच्या टेबलावरून ऐकत होते. त्यांनी टोलचं आंदोलन आठवून दिलं. एन. डी. पाटील सरांनी म्हातारपणी, दुखऱ्या पायांनी त्या मोर्चांचं नेतृत्व केलं होतं आणि शेवटी राज्य सरकारला तो टोल रद्द करावा लागला. "आणि हायकोर्टाचं सर्किट बेंच? कित्येक वर्षं वकील रस्त्यावर. १८ ऑगस्टला सुरू झालंच की. सहा जिल्ह्यांना आता मुंबईची खेप नाही. कोल्हापुरात मागं लागलं की होतं. फक्त मागं लागायला पाहिजे."

पण त्या दिवसांत सगळ्यात अवघड प्रश्न मला विचारला तो मोल्डिंगमधल्या मामांनी. पंचवीस वर्षं साच्यांवर काढलेले, शिक्षण सातवी. माझ्या हातातले फॉर्म बघून त्यांनी सगळं नीट समजून घेतलं. म्हणाले, "म्हंजे तुम्हास्नी आमदार निवडायला दोन मतं आणि आम्हास्नी एकच?"

हो म्हणाले. ते खरंच तसं आहे. डिग्रीवर जास्तीचं मत मिळावं का, याचं मला पटेल असं उत्तर तेव्हाही नव्हतं, आजही नाही. घटनाकारांनी शिकलेल्या माणसाकडून काही वेगळ्या विचारांची अपेक्षा धरली असणार, एवढं कळतं. ज्या गावात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तिथं मामांच्या वाट्याला सातवीच का आली, याचंही उत्तर द्यायला हवं. मामा रागावले नव्हते. एवढंच म्हणाले, "मग मिळालंय ते नुसतं ठेवू नका. वापरा. आणि आमचंबी सांगा तिथं." त्या दिवसानंतर हे काम मला माझ्या एकटीच्या नावापुरतं वाटलं नाही. कंत्राटी कामगारांच्या पीएफच्या नोंदींबद्दल मामांनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. उमेदवार मत मागायला येतील, तेव्हा पहिला प्रश्न तो असेल.

बावीसपैकी दोघांची पदवी २०२२ नंतरची, त्यांना या वेळी बसता येत नव्हतं. एक जण निपाणीहून रोज ये-जा करतो, राहणं तिथलं, त्यामुळं त्याचा पदवीधर मतदारसंघ कर्नाटकातला. दोघांनी नको म्हटलं आणि मी फार ताणलं नाही. राहिले सतरा. ती सतरा माणसं फाइलमध्ये घालून मी त्या सोमवारी, १३ ऑक्टोबरला, तहसील कार्यालयात गेले होते.

गर्दी कमी झाल्यावर कारकुनांनीच मला परत बोलावलं आणि शांतपणे समजावून सांगितलं. एकगठ्ठा अर्ज स्वीकारायचे नाहीत असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. हाती असो की टपालानं, नाहीच. घरातला एक माणूस घरातल्या इतरांचे देऊ शकतो. संस्थेचा प्रमुख आपल्या पात्र कर्मचाऱ्यांचे एकत्र पाठवू शकतो. बाकी कुणी नाही. मूळ पदवी दाखवा, इथं पडताळून घेऊ, नाहीतर राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून आणा. मी माझा आणि धाकट्या भावाचा असे दोन फॉर्म दिले आणि पोच घेतली.

कंपनीच्या प्रमुखांच्या सहीनं सगळे पाठवता येतील का, हे एचआरमध्ये विचारलं. राजकारणाचं काम कंपनीतून नको, असं उत्तर आलं. मतदार यादीत नाव घालणं हे राजकारण कसं, हे मी परोपरीनं सांगून बघितलं. उपयोग झाला नाही आणि त्याचं मला फार वाईट वाटलं, कारण एका सहीत काम होण्यासारखं होतं.

दोन-तीन दिवस त्या नियमावर माझा राग होता. हळूहळू तो पटत गेला. गठ्ठे चालले असते, तर ते माझ्यासारखीनं एकटीनं थोडेच आणले असते? ज्याच्याकडं माणसं आणि गाड्या आहेत त्यानं हजारोंनी आणले असते आणि यादीतल्या माणसाला आपलं नाव कुणी घातलं हे कळलंही नसतं. इथं मात्र पदवी हातात घेऊन स्वतः खिडकीशी उभं राहावं लागतं. मी कुणाचं नाव घालू शकत नव्हते, सोबत जाऊ शकत होते.

सरकारी कार्यालयं शनिवारी बंद. आमची साप्ताहिक सुट्टी सोमवारी, तेवढं बरं होतं. मध्ये दिवाळी आली, लोक गावी गेले. २७ ऑक्टोबरच्या सोमवारी पाच जण आले, ३ नोव्हेंबरला तिघं. प्रत्येकाची अडचण निराळी. डिझाइनमधला एक मूळचा बीडचा, राजारामपुरीत भाड्यानं राहतो. त्याला वाटत होतं आपलं नाव गावाकडंच पाहिजे. पण सर्वसाधारण राहणं जिथलं तिथलं नाव, म्हणून त्यानं भाडेकरार आणला. एकाची पदवी कॉलेजमधून आणायचीच राहिली होती. सात वर्षांत गरज पडली नव्हती. अकाउंट्समधली माझी मैत्रीण, तिची पदवी माहेरच्या नावानं आणि आधार सासरच्या. विवाह नोंदणीचा दाखला लागणार होता आणि लग्नाला चार वर्षं होऊनही नोंदणीच केलेली नव्हती. "मी करून घेतो गं, तू थांब," म्हणाली, आणि नवऱ्याला घेऊन खरंच करून घेतली. ६ तारीख मात्र हुकली.

५ नोव्हेंबरला त्रिपुरी पौर्णिमा. पहाटे पंचगंगा घाटावर दीपोत्सवाला गेले होते. थंडी, धुकं, पायऱ्यांवर पणत्यांच्या ओळी, पाण्यात उजेड. तिथं आमच्या टूलरूममधले दोघं भाऊ भेटले, दोघंही पदवीधर, दोघांचेही फॉर्म माझ्याकडं भरून तसेच पडलेले. पणती लावता लावता म्हटलं, "उद्या शेवटचा दिवस." एकानं सकाळी अर्धा दिवस रजा टाकली, मूळ कागद घेतले आणि दोघांचे देऊन आला. घरातला माणूस घरातल्याचे देऊ शकतो, हा नियम तिथं कामी आला. मुदतीच्या शेवटी कंपनीतले मोजले तर अकरा.

२५ नोव्हेंबरला प्रारूप यादी लागली. माझ्या आडनावात एक अक्षर चुकलं होतं. दुरुस्तीचा अर्ज दिला. १० डिसेंबरपर्यंत दावे-हरकतींची मुदत होती आणि तेव्हाही अठरा नंबरचा फॉर्म घेतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. माझी मैत्रीण तेव्हा आली, नव्या कोऱ्या विवाह दाखल्यासह. तिच्याबरोबर आणखी दोघं. चौदा झाले.

नाव घातलं की संपलं, असंही नाही. या निवडणुकीत मतदान यंत्र नसतं, मतपत्रिका असते, आणि मत द्यायचं पसंतीक्रमानं. मागच्या वेळी पुण्याच्या मतपत्रिकेवर साठाहून जास्त उमेदवार होते. केंद्रावर देतात त्याच जांभळ्या शाईच्या पेननं हव्या त्या उमेदवारासमोर १ लिहायचा. मग वाटलं तर दुसऱ्यासमोर २, तिसऱ्यासमोर ३. बरोबरची खूण केली, सही केली, "एक" असं अक्षरात लिहिलं, की मत बाद. शिकलेल्या माणसांचीच मतं इथं हजारोंनी बाद होतात.

म्हणून आम्ही सराव केला. डिसेंबरातल्या सहलीचं ठिकाण चिठ्ठ्यांनी ठरवायचं ठरवलं. पन्हाळा, दाजीपूर, मसाई पठार, रांगणा. चौदा चिठ्ठ्यांपैकी एकीवर बरोबरची खूण निघाली, ती बाद. वैध तेरा. जिंकायला निम्म्याहून एक जास्त लागतं, म्हणजे कोटा सातचा. पहिल्या फेरीत पन्हाळ्याला पाच, दाजीपूरला चार, मसाईला तीन, रांगण्याला एक. पन्हाळावाले उठून उभे राहिले. पण कोटा कुणाचाच पुरा नव्हता. सगळ्यात कमी मतांचा रांगणा बाद, त्या चिठ्ठीवरची दुसरी पसंती दाजीपूरला. पाच-पाच. मग मसाई बाद. मसाई पन्हाळ्याच्या शेजारीच, तेव्हा तिन्ही तिकडंच जातील असं सगळ्यांना वाटलं, पण दोन दाजीपूरला गेली. सात विरुद्ध सहा. दुसऱ्या पसंतीचं वजन किती असतं हे त्या वीस मिनिटांत सगळ्यांना कळलं. बाद चिठ्ठी कुणाची होती ते आम्ही विचारलं नाही. दाजीपूरला गवे दिसले, सगळे खूश.

अंतिम यादी ३० डिसेंबरला प्रसिद्ध झाली. चौदातली तेरा नावं सापडली. माझं आडनाव आता बरोबर आहे. बीडच्या मुलाचं नाव नाही. पदवीची प्रत साक्षांकित नव्हती, म्हणून अर्ज नामंजूर झाला असं तिथं सांगितलं. तो नाराज झाला, पण सोडून द्यायला तयार नाही. अंतिम यादी लागली तरी दार बंद होत नाही. उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत पुरवणी म्हणून नावं घेतात.

१५ जानेवारीला महापालिकेचं मतदान झालं. पाच वर्षांनी शहराला नगरसेवक मिळाले. ग्रुपवर त्या दिवशी बोटावरच्या शाईचे फोटो नेहमीसारखे आलेच, पण या खेपेस त्याखाली वेगळी बोलणी चालली होती. आपल्या प्रभागातले चौघे कोण, त्यांना कुठल्या कामाचं विचारायचं, लोकशाही दिनाला अर्ज कसा करतात. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकांच्या तक्रारी ऐकायचा लोकशाही दिन असतो. आमच्या सुट्टीचाच दिवस. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या बंद दिव्यांचा अर्ज आम्ही मिळून लिहितोय.

मामांना यादीतलं माझं नाव मोबाइलवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "बाकीच्यांची?"

चार राहिलीत. बीडचा मुलगा मूळ पदवी घेऊन येतो म्हणालाय, आणि कॉलेजमधून पदवी आणायची ज्याची राहिली होती त्याला ती परवा मिळाली. सोमवारी अकरा वाजता दोघांना घेऊन त्याच खिडकीवर जायचं आहे.